सुरांनी उरकलेला समेट

'कथेत दम नाही, पण संगीतानं चित्रपट तारला.' परीक्षणात हे वाक्य आलं की वाचणारा निवांतपणे पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. संगीतकाराला शाबासकी मिळाली, पटकथाकाराला चिमटा बसला, विषय संपला. मला हे वाक्य नेहमी अर्ध्यावर सोडल्यासारखं वाटतं. तारला म्हणजे नेमकं काय केलं? बुडत काय होतं? आणि तारताना कोणाला होडीत घेतलं, कोणाला पाण्यातच राहू दिलं?

हा प्रश्न सगळ्यात टोकदार होतो तो भव्य कौटुंबिक चित्रपटांत. थरारपटातून संगीत काढून घेतलं तरी गोष्ट पुढे सरकते; कोणी कोणाला मारलं हे डोळ्यांना दिसतं. घरातल्या गोष्टीत मात्र जे घडतं त्यातलं बरंचसं दिसतच नाही. बापाचा जीव धाकट्यावर जास्त होता, थोरल्यानं ते तीस वर्षं मनात ठेवलं, कोणाचं तरी लग्न भलत्याच माणसाशी झालं आणि त्यावर घरात कोणी चकार शब्द काढला नाही. असल्या गोष्टी पडद्यावर आणायला लेखकाला फार घाम गाळावा लागतो. त्यानं तो गाळला नाही की ती जागा भरायला वाद्यवृंद येतो. माझं म्हणणं असं आहे की, अशा चित्रपटातलं मोठं संगीत नुसती भावना वाढवत नाही, ते बाजू घेतं. कोणाचं दुःख उदात्त आणि कोणाचं किरकोळ, हे ते ठरवतं. आणि ज्या समेटासाठी पात्रांनी एकमेकांसमोर बसून बोलायला हवं होतं, तो समेट ते परस्पर उरकून टाकतं. म्हणून संगीतकाराला पैकीच्या पैकी गुण द्यावेत, पण ते गुण चित्रपटाच्या खात्यात वळते करू नयेत.

उदाहरण म्हणून एडवर्ड झ्विक यांचा १९९४ चा 'लेजेंड्स ऑफ द फॉल' घेतो, कारण या जातीचा इतका शुद्ध नमुना दुसरा सापडणं कठीण. जिम हॅरिसन यांच्या १९७९ च्या दीर्घकथेवर तो बेतला आहे. अमेरिकी सैन्यानं मूलनिवासींवर केलेल्या अत्याचारांना विटून लष्कर सोडलेला कर्नल लडलो मोंटानाच्या डोंगरांत वाडी वसवतो. त्याचे तीन मुलगे: नियमानं वागणारा आल्फ्रेड, रानटी आणि सगळ्यांचा लाडका ट्रिस्टन, आणि आदर्शवादी धाकटा सॅम्युअल. सॅम्युअल सुझॅना नावाच्या वाग्दत्त वधूला घरी आणतो आणि पहिल्या महायुद्धात मारला जातो. सुझॅना ट्रिस्टनवर प्रेम करते. तो तिला सोडून वर्षानुवर्षं समुद्र पालथे घालतो. ती आल्फ्रेडशी लग्न करते. शेवटी स्वतःला गोळी घालून घेते. मध्ये दारूबंदीचा काळ, चोरटी दारू, भ्रष्ट पोलीस, अस्वलं आणि घोडे. सव्वादोन तासांत एवढं सगळं. कर्नल अँथनी हॉपकिन्स, ट्रिस्टन ब्रॅड पिट, सुझॅना ज्युलिया ऑर्मंड.

नुसता कागदावरचा हा ऐवज वाचला तर कोणीही म्हणेल, ही दैनंदिन मालिका आहे, फक्त हिला डोंगर जास्त मिळाले आहेत. आणि तरीही चित्रपट पाहताना घसा दाटतो. याची कारणं दोन. एक, जॉन टोल यांचं छायाचित्रण, ज्याला ऑस्कर मिळालं. (मोंटाना म्हणून जे डोंगर आपण पाहतो ते बहुतांश कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातले आहेत, पण ते असो.) दुसरं आणि मोठं कारण, जेम्स हॉर्नर यांचं संगीत.

हॉर्नर यांनी आधी झ्विक यांच्याच 'ग्लोरी'ला (१९८९) संगीत दिलं होतं, आणि पुढे १९९७ च्या 'टायटॅनिक'नं त्यांना दोन ऑस्कर मिळवून दिले. इथे त्यांच्या हाताशी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा होता. त्यांनी लडलो कुटुंबासाठी एक सुरावट रचली: सुरुवात साधी, जवळजवळ लोकगीताच्या चालीची, आणि मग तंतुवाद्यांवर चढत जाणारी. तिच्या कडेनं गावच्या जत्रेत वाजवावं तसं फिडल आहे आणि मध्येच शाकुहाची, म्हणजे जपानी बांबूची बासरी. मोंटानाच्या कुरणांत जपानी बासरी कशाला, हा प्रश्न तर्कानं विचारला तर उत्तर नाही. ऐकताना मात्र प्रश्न पडत नाही. तिच्या फुंकरीतला श्वास वाऱ्यासारखा लागतो, आणि सुरेल स्वर लागण्याआधीचा तो खरखरीत क्षण ट्रिस्टनच्या रानटीपणाबद्दल जेवढं सांगतो तेवढं त्याच्या तोंडचे संवाद सांगत नाहीत.

पण नुसती चाल गोड असून भागत नाही. या संगीताची खरी कामगिरी काळाशी निगडित आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. कौटुंबिक गाथेची मूळ अडचण ही की, घर म्हणजे भूतकाळ. आपल्या घरातल्या माणसांचं वागणं आपल्याला कळतं, कारण त्यामागची पंचवीस-तीस वर्षं आपल्याला ठाऊक असतात. चित्रपटाकडे दोन-अडीच तास असतात आणि समोरचं घर परक्याचं. कादंबरी हा भूतकाळ पानापानानं साचवते. चित्रपटाला तो कुठून तरी पैदा करावा लागतो. सुरावट हे काम चोख करते. पहिल्यांदा ती वाजते तेव्हा तिला काही अर्थ नसतो. भाऊ खेळताहेत, ऊन पडलंय, एवढंच. दुसऱ्यांदा ती युद्धाला निघताना वाजते. तिसऱ्यांदा, सॅम्युअल गेल्यावर, ती वाजते तेव्हा आपल्यालाच आठवण येते. लडलोंच्या बालपणाची नव्हे, तासाभरापूर्वीच्या आपल्या पाहण्याची. पण मनाला हा फरक कळत नाही. तासाभराची ओळख त्याला आयुष्यभराची वाटते. पटकथा 'अनेक वर्षं लोटली' म्हणून मोकळी होते. ती वर्षं खरोखर लोटल्याचा भास संगीत देतं. हे श्रेय निखळ हॉर्नर यांचं आहे आणि ते कमी लेखण्याचं काहीच कारण नाही.

आता दुसरी बाजू. ही आठवण कोणाच्या नावावर जमा होते?

ट्रिस्टन परत येतो तो प्रसंग आठवा. वर्षानुवर्षं गायब असलेला हा माणूस घोड्यांचा कळप घेऊन टेकडीवरून उतरतो, आणि संगीत त्याचं असं स्वागत करतं जणू एखादा राजा परतला. या माणसानं आपल्याशी गाठ बांधलेल्या बाईला वाऱ्यावर सोडलं होतं आणि दुसऱ्याशी लग्न कर असं पत्रानं कळवलं होतं. पटकथेत ही वस्तुस्थिती आहे. लेखकांनी ती लपवलेली नाही. पण तंतुवाद्यं एवढ्या उंचीवर गेल्यावर वस्तुस्थितीला कोण विचारतो? प्रेक्षकाच्या मनात त्याला जाब विचारण्याआधीच त्याची सुटका झालेली असते.

आणि सुझॅना? या गोष्टीत सगळ्यात जास्त सोसलं असेल तर तिनं. तिघा भावांच्या आयुष्यातून ती पार होते, कुठेच तिला स्वतःचं ठिकाण मिळत नाही, आणि शेवटी जीव देते. या चित्रपटाच्या संगीताची जी ध्वनिमुद्रिका निघाली तिच्यावर सुमारे सव्वा तासाचं संगीत आहे, एकूण तेरा तुकडे. त्यांची नावं वाचून बघावीत. लडलो कुटुंब आहे. सॅम्युअलचा मृत्यू आहे. आल्फ्रेडचं हेलेना शहरी जाणं आहे. बदलते ऋतू, रानघोडे आणि ट्रिस्टनचं परतणं एकाच तुकड्यात आहे. ट्रिस्टनची बायको इसाबेल हिचा खून आहे. शेवटच्या तुकड्यात आल्फ्रेड, ट्रिस्टन, कर्नल आणि 'दंतकथा' असे सगळे हजर आहेत. सुझॅनाचं नाव एकाही तुकड्याला नाही. शीर्षकांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हे मान्य. तिच्या प्रसंगांनाही संगीत आहेच, आणि ते सुंदर आहे. पण संगीताची मांडणी कोणाभोवती झाली आहे हे या यादीतून लख्ख दिसतं. पुरुष दंतकथेत जातात आणि बाई त्यांच्या दुःखाचं कारण म्हणून उरते. पटकथेतली ही खोट संगीतानं भरून काढली नाही, उलट तिच्यावर सोनेरी मुलामा चढवला.

समेटाचा मुद्दा याहून गंभीर आहे. सुझॅना गेल्यावर आल्फ्रेड ट्रिस्टनला जे सुनावतो ते या चित्रपटातलं सगळ्यात खरं बोलणं आहे. त्याचा आशय एवढाच: मी देवाचे आणि माणसांचे सगळे नियम पाळले, तू एकही पाळला नाहीस, आणि तरी सगळ्यांनी तुझ्यावरच जास्त प्रेम केलं, बापानं, सॅम्युअलनं, माझ्या बायकोनंसुद्धा. घराघरांत थोरल्यांच्या पोटात वर्षानुवर्षं कुजत राहणारं हे वाक्य आहे. इथपर्यंत चित्रपट आला आणि मला वाटलं, आता खरी गोष्ट सुरू होईल. आता बापाला उत्तर द्यावं लागेल. पण बापाला मधल्या काळात झटका आलेला आहे. तो गळ्यात पाटी अडकवून खडूनं चार शब्द लिहितो. मग पोलीस येतात, बंदुका निघतात, आल्फ्रेड ऐन वेळी अवतरतो, गोळी झाडून बापाचा आणि भावाचा जीव वाचवतो, आणि बाप त्याला मिठी मारतो. झालं. तीस वर्षांचा हिशोब एका गोळीनं, एका मिठीनं आणि शिगोशीग भरलेल्या वाद्यवृंदानं चुकता. आल्फ्रेडच्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही. ते द्यायला हवं होतं हेही, वाद्यं थांबेपर्यंत, आपण विसरलेले असतो.

माझ्या मते भव्य कौटुंबिक चित्रपटांचा हा मोठा रोग आहे. घरातला समेट लिहिणं ही लेखकाच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. कारण त्यात कोणाला तरी चुकलो म्हणावं लागतं, कोणाला तरी माफ करूनही पूर्ण माफ न करता राहावं लागतं. आणि समेटाला संगीत देणं तुलनेनं सोपं. मूळ सुरावट पुन्हा काढा, तिला सबंध ऑर्केस्ट्रा द्या, काम फत्ते. सोपं औषध हाताशी असलं की अवघड शस्त्रक्रिया कोण करतो?

हिंदीत याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. २००१ चा 'कभी खुशी कभी गम' हा साडेतीन तासांचा चित्रपट आहे आणि त्याचा भावनिक डोलारा एका शीर्षकगीताच्या चालीवर उभा आहे. दत्तक मुलगा दारात येण्याआधीच आईला त्याची चाहूल लागते, आणि चाहूल लागली हे आपल्याला कळतं ते त्या चालीवरून. पुढे लंडनमधल्या गर्दीतही तेच. जर्मन संगीतकार हान्स आइस्लर यांनी तत्त्वज्ञ अडोर्नोंच्या साथीनं चित्रपटसंगीतावर लिहिलेलं पुस्तक १९४७ मध्ये आलं. पात्राला चिकटवलेल्या अशा सुरावटीची त्यात भरपूर टर उडवलेली आहे. समोर उभ्या असलेल्या, सगळ्यांनी ओळखलेल्या मालकाची मोठ्या ऐटीत वर्दी देणारा हा नोकर, असा त्यांचा एकूण सूर. आपल्याकडे हा नोकर मालकाच्या आधी अर्धा मिनिट येतो, एवढाच फरक.

पण इथे एक गोष्ट वेगळी आहे आणि ती मला हॉर्नर यांच्या पद्धतीपेक्षा जास्त रंजक वाटते. हॉर्नर यांना आठवण चित्रपटाच्या आतच तयार करावी लागते. हिंदी चित्रपटाचं गाणं चित्रपट लागायच्या आधी घराघरांत पोचलेलं असतं. प्रेक्षक ते पाठ करूनच आत येतो. त्यामुळे पार्श्वसंगीतात नुसत्या दोन ओळी वाजल्या तरी शब्द आपोआप मनात येतात, आणि त्या शब्दांना लता मंगेशकरांचा आवाज चिकटलेला असतो. पात्रं गप्प, पण आईवडिलांची थोरवी आपल्याच डोक्यात गायली जातेय. अशा वेळी अहंकारापायी मुलाला घराबाहेर काढणाऱ्या बापाला शेवटी किती स्वस्तात सोडलं, हे कोणाच्या लक्षात येणार? तो चुकलो म्हणतो, हे खरं. पण तो ते म्हणायच्या कितीतरी आधी संगीतानं त्याला माफ करून टाकलेलं असतं.

या चित्रपटाच्या गाण्यांच्या संगीतकारांची नावं पुष्कळांना सांगता येतील: जतिन-ललित, संदेश शांडिल्य, आदेश श्रीवास्तव. पार्श्वसंगीत बबलू चक्रवर्ती यांचं होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? साडेतीन तास ज्यानं आपल्याला रडवलं त्याचं नाव आपण विचारलंही नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांनी संगीताचे गाणी आणि पार्श्वसंगीत असे दोन वेगळे पुरस्कार नियमितपणे द्यायला सुरुवात केली ती २००९ सालच्या चित्रपटांपासून. त्या वेळी पार्श्वसंगीताचा पुरस्कार इलैयाराजांना 'पळशी राजा' या मल्याळम चित्रपटासाठी मिळाला. उशिरा आलेलं शहाणपण. आणि अमेरिकेतही हिशोब फार सरळ आहे असं नाही. 'लेजेंड्स'च्या संगीताला गोल्डन ग्लोबचं नामांकन होतं, ऑस्करचं नव्हतंच. ज्या चित्रपटाबद्दल 'संगीतानं तारला' असं जग म्हणतं, त्याच्या छायाचित्रणाला पुतळा मिळाला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. चित्रपट ही अनेकांची मिळून झालेली कला आहे. छायाचित्रणानं तारला म्हणून कोणी चित्रपटाचे गुण कापत नाही, मग संगीतानंच काय घोडं मारलंय? शिवाय संगीताच्या आधारानं कथा उभी राहण्यात पाप असेल, तर आपल्या संगीत नाटकांचं काय करायचं? १८८० च्या 'शाकुंतल'पासून पुढची कित्येक वर्षं मराठी माणूस नाटकाला गेला तो पदांसाठी. एकाच पदाला वन्समोअर घेताना नाट्यवस्तू थांबून राहायची, आणि त्याची कोणाला खंत नव्हती.

पहिल्या भागाचं उत्तर: कॅमेराही निवड करतो, चापलुसी करतो, हे खरं. पण तो जे दाखवतो ते समोर असतं. त्याबद्दल काय वाटून घ्यायचं याला थोडी तरी मोकळीक उरते. घोड्यांचा कळप टेकडीवरून उतरतोय, हे चित्र. परतणारा माणूस बेजबाबदार आहे की वीर, हे चित्र सांगत नाही. संगीत सांगतं, आणि तेही असं की सांगितल्याचा पत्ता लागत नाही. संगीत नाटकाचं उत्तर यातच आहे. तिथे नट प्रेक्षकासमोर उभा राहून गायचा, ऑर्गन-तबल्याची साथ उघड चालायची, आणि आता कथा थांबून गाणं सुरू झालं हा करार दोन्ही बाजूंना मान्य होता. शकुंतलेचं दुःख शकुंतलाच गात होती. चित्रपटाचं पार्श्वसंगीत कोणाच्याच तोंडी नसतं. ते त्या जगात वाजत नाही, पात्रांना ऐकू येत नाही. फक्त आपल्याला ऐकू येतं, आणि आपण त्यालाच आपली भावना समजतो. तक्रार संगीताच्या मोठेपणाबद्दल नाही, ही न सांगता केलेली शिफारस खटकते.

आक्षेपाचा आणखी एक पदर मात्र मला मान्य करावा लागतो. सुरावट स्वतःच्या बळावर काहीच करत नाही. तिला जागा लागते, आणि ती जागा दिग्दर्शक देतो. इटालियन संगीतकार निनो रोटा यांचा किस्सा यासाठी फार बोलका आहे. 'द गॉडफादर'च्या (१९७२) संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि मग काढून घेतलं गेलं, कारण त्यातली प्रेमाची धून रोटा यांनी १९५८ च्या 'फॉर्चुनेला' या इटालियन चित्रपटात आधीच वापरलेली निघाली. तिथे ती हलक्याफुलक्या, ठसक्याच्या चालीत होती. तीच स्वरांची ओळ एका चित्रपटात गमतीची आणि दुसऱ्यात काळीज पिळवटणारी. म्हणजे दुःख स्वरांत आधीपासून भरलेलं नव्हतं. 'गॉडफादर'मधल्या कोर्लिओने कुटुंबानं ते त्यात भरलं. (दोन वर्षांनी दुसऱ्या भागाच्या संगीतासाठी कार्मिन कोपोला यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालंच.) मग झ्विक यांनाही थोडं श्रेय द्यायला हवं. लांब पल्ल्याची दृश्यं, संवाद नसलेली मिनिटं, ऋतू बदलताना थांबलेला कॅमेरा ही त्यांनी राखलेली जागा होती. ती नसती तर हॉर्नर कुठे वाजवणार होते? माझी शंका एवढीच की, या जागा त्यांनी मौनासाठी राखल्या होत्या की लेखनातल्या भगदाडांना जागा हे नाव दिलं होतं. दोन्ही थोडं थोडं असावं.

मग घराच्या गोष्टीला संगीत देऊच नये का? तसं मुळीच नाही. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'तला (१९५५) एक प्रसंग या बाबतीत सगळ्या चर्चेला पुरून उरतो. हरिहर कित्येक महिन्यांनी घरी परततो, मुलीसाठी साडी काढून दाखवतो. दुर्गा गेली आहे हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया ती साडी तोंडाशी धरते आणि हंबरडा फोडते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्याऐवजी रविशंकर यांच्या संगीतातली तारशहनाई, म्हणजे गजानं वाजवायचं एक तंतुवाद्य, वरच्या सप्तकात किंचाळते. इथेही संगीत बाजू घेतं, पण कोणाची? जिचं मूल गेलं तिची. तिच्या रडण्याला ते सजवत नाही, त्या रडण्याच्या जागी ते स्वतः उभं राहतं. आणि मुख्य म्हणजे, इथवरचा एकेक क्षण पटकथेनं आधीच कमावून ठेवलेला आहे. ती साडी, तो उशीर, ती पावसाची रात्र. रविशंकरांनी हे सगळं संगीत एका रात्रीत ध्वनिमुद्रित केलं. त्यांना घाई होती, पण भगदाडं बुजवायची नव्हती.

दुसऱ्या टोकाला जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू आहेत. 'टोकियो स्टोरी'त (१९५३) म्हातारे आईबाप मुलांकडे शहरात येतात आणि मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो. याच कथेवर एखाद्यानं हुकमी रडवणारा चित्रपट केला असता, आणि अशा कथांवर तो पुढे अनेकांनी केलाही. ओझूंना मात्र पात्रांच्या दुःखाबरोबर दुःखी होणारं संगीत नको असे. त्यांच्या चित्रपटांत संगीत बाहेरच्या स्वच्छ उन्हासारखं आपल्या तंद्रीत वाजत राहतं आणि घरात काय कोसळतंय याची दखल घेत नाही. त्यामुळे मुलांचा कोरडेपणा आपल्याला आपल्याच डोळ्यांनी पाहावा लागतो. कोणी शिफारस करत नाही, कोणी माफीही देत नाही. इराणी दिग्दर्शक असगर फरहादी तर 'अ सेपरेशन'मध्ये (२०११) संगीत जवळजवळ संपूर्णच काढून घेतात. नवरा, बायको, मुलगी, अल्झायमर झालेला आजोबा, कामाला येणारी बाई. खोटं कोण बोललं आणि किती, हे आपण एखाद्या न्यायाधीशासारखं ऐकत बसतो, आणि दर दहा मिनिटांनी आपला निकाल बदलतो. पहिल्याच दृश्यापासून बायकोच्या बाजूनं व्हायोलिन वाजलं असतं तर हा निकाल बदलायची मुभाच उरली नसती.

मराठीतलं एकच उदाहरण देतो, कौटुंबिक गाथेचं नसलं तरी. 'सैराट'साठी (२०१६) अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वापरला, आणि मराठी चित्रपटाला तो भरदार आवाज पहिल्यांदा मिळाला याचं अप्रूप आपल्याला अजून आहे. पण तो चित्रपट ज्या शेवटासाठी लक्षात राहिला, तिथे ऑर्केस्ट्रा नाही. तिथे आवाजच नाही. नागराज मंजुळे यांच्याकडे ती सगळी वाद्यं तयार होती आणि त्यांनी ती वापरली नाहीत. घराच्या अब्रूसाठी झालेल्या त्या खुनांना एखादी करुण धून लावली असती, तर प्रेक्षक रडून मोकळा झाला असता.

चित्रपट करणाऱ्यांच्या सवयीबद्दल एक शेवटची तक्रार. आजकाल संकलनाच्या टेबलावर पहिल्या जुळणीतच कुठल्या तरी गाजलेल्या चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावून ठेवतात. त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. संगीतकार यायच्या कितीतरी आधी दृश्य त्या उसन्या सुरांवर कापलं जातं, आणि मग नव्या माणसाला 'असंच काहीतरी' करायला सांगितलं जातं. यात संगीतकाराची कुचंबणा होते, हे नेहमी बोललं जातं. पटकथेचं नुकसान होतं, हे कोणी बोलत नाही. घरातल्या भांडणाचा आणि समेटाचा प्रसंग पहिल्या दिवसापासून व्हायोलिनसकट पाहिला, तर तो लंगडा आहे हे दिग्दर्शकाला कळणार कधी? ते कळायच्या वेळेला पुनर्लेखन शक्य असतं, चार ओळींचं जादा चित्रीकरणही शक्य असतं. म्हणून निदान बाप-लेकाच्या प्रसंगापुरता तरी तो उसना ट्रॅक काढून ठेवावा, आणि कोरडा प्रसंग चार अनोळखी माणसांना बसवून दाखवावा. ते चुळबुळायला लागले तर संगीतकाराला फोन करण्याआधी लेखकाला करावा.

परीक्षण लिहिणाऱ्यांकडूनही अपेक्षा फार नाही. 'संगीतानं तारला' असं जरूर लिहावं, पण पुढच्या ओळीत पार्श्वसंगीत कोणाचं ते नावानिशी लिहावं, आणि त्यापुढच्या ओळीत, त्या संगीतानं कोणत्या पात्राला जाब द्यायची वेळ येऊ दिली नाही, तेही.